इजा आणि वेदना : प्रस्तावना

जी व्याधी डोळ्यांना दिसत नाही, जिची सूज बोटाने दाबून दाखविता येत नाही आणि जिच्यामुळे तापमापकाचा पारा रेषाभरही चढत नाही, ती अंगावर बाळगून वर्षानुवर्षे नोकरी, शेतीवाडी आणि संसार रेटणाऱ्या माणसांची संख्या आपल्या अवतीभवती किती मोठी आहे, याची कल्पना ज्याच्या स्वतःच्या घरात असे एखादे माणूस आहे त्यालाही बहुधा नसते. एकट्या कंबरदुखीचा हिशेब घेतला तरी २०२० साली जगातील सुमारे ६१ कोटी ९० लाख माणसे तिने ग्रासलेली होती, आणि २०५० पर्यंत हा आकडा ८४ कोटींवर जाईल असा अजमास जागतिक रोगभाराची मोजदाद करणाऱ्या संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केला आहे. यात गुडघ्यांचे आणि मानेचे दुखणे, अर्धशिशी, नागीण बरी झाल्यावरही बरगडीवर मागे राहणारी आग, मधुमेह्यांच्या तळपायांची रात्रीची जळजळ, यांपैकी काहीच धरलेले नाही. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुनःपुन्हा परतणाऱ्या वेदनेला वैद्यक जीर्ण वेदना म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून अमलात आली, तेव्हा कोठे या वेदनेला स्वतःचे असे पद्धतशीर स्थान मिळाले आणि कित्येक रुग्णांच्या बाबतीत वेदना हाच मूळ रोग असू शकतो ही गोष्ट दफ्तरी दाखल झाली. तोपर्यंत ती दुसऱ्या कोणत्या तरी रोगाच्या कागदपत्रांना पुरवणी म्हणून जोडलेली असे. आणि तो मूळ रोग सापडला नाही की पुरवणीसकट सगळे प्रकरण निकालात निघे.

अशा रीतीने निकालात निघालेल्या माणसांसाठी, आणि त्यांच्याबरोबर एका छपराखाली राहणाऱ्यांसाठी, हे पुस्तक आहे. उपचारांची तपशीलवार चर्चा पुढील प्रकरणांत यथास्थळ येईल. येथे केवळ त्या समजुतींचा परामर्श घ्यावयाचा आहे, ज्या दूर झाल्याखेरीज कोणताही उपचार अंगी लागत नाही. या समजुती वरवर पाहता पुष्कळ आणि परस्परविरोधीही दिसतात. एक म्हणतो, अंथरुणावर पडून राहा. दुसरा म्हणतो, उठून धावायला लाग. एक म्हणतो, हाड झिजले. दुसरा म्हणतो, मन खचले. परंतु या सर्वांच्या मुळाशी एकच गृहीतक आहे असे माझे मत आहे, आणि ते असे की, वेदना हे इजेचे माप आहे: जितके दुखते तितके मोडले आहे, आणि काही मोडलेले सापडत नसेल तर दुखतच नाही.

या गृहीतकाला मोठा कुळवृत्तांत आहे. फ्रेंच तत्त्ववेत्ता रने देकार्त याच्या मृत्यूनंतर, १६६४ साली, मानवदेहाविषयीचा त्याचा जो ग्रंथ फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाला, त्यात विस्तवाजवळ पाऊल नेलेल्या एका मुलाचे चित्र आहे. त्याच्या पावलापासून मेंदूपर्यंत एक धागा गेलेला आहे, आणि दोरीचे एक टोक ओढताच दुसऱ्या टोकाची घंटा वाजावी त्याप्रमाणे हा धागा ओढला जाऊन वेदना उत्पन्न होते, असे देकार्तने प्रतिपादन केले. बोट पोळले की हात मागे घ्यावा, एवढ्या व्यवहारापुरते ते खरेही आहे. अडचण एवढीच की, माणसाचा देह या चित्राबरहुकूम वागत नाही. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर काम करणाऱ्या हेन्री बीचर या अमेरिकन भूलतज्ज्ञाला असे आढळले की, गंभीर जखमी झालेल्या सैनिकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश सैनिक, कित्येक तासांत मॉर्फीन मिळालेले नसताही, वेदनाशामक मागत नाहीत. ही जबानी त्याने १९४६ साली प्रसिद्ध केली. ज्याच्या मांडीची चाळण झाली आहे तो शांत पडून आहे, कारण ती जखम म्हणजे त्याच्या लेखी रणांगणातून जिवंत सुटल्याचा परवाना आहे! याच्या नेमकी उलट साक्ष अमेरिकन यादवी युद्धातील जखमींवर उपचार करणाऱ्या सायलस वेअर मिचेल याने १८७२ च्या आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवली होती. कापून टाकलेल्या हाताची मूठ आवळली जाते, तिची नखे तळव्यात रुततात, आणि रुग्ण ज्या तळव्यासाठी कळवळतो तो तळवा पृथ्वीच्या पाठीवर कोठेही अस्तित्वात नसतो. इजा आहे पण वेदना नाही, वेदना आहे पण अवयवच नाही, अशा या दोन दाखल्यांपुढे देकार्तची दोरी तुटल्याखेरीज राहत नाही.

तिच्या जागी काय आले, हे थोडक्यात सांगावयाचे तर १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी असे मांडले की, पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत जणू एक दार आहे; खालून येणारी वर्दी त्या दारातून कधी पूर्ण, कधी अर्धवट वर जाते, आणि मेंदूही वरून हुकूम पाठवून ते दार कमीअधिक उघडत असतो. पुढे १९८३ साली क्लिफर्ड वुल्फ याने प्रयोगांनी दाखविले की, इजेनंतर मज्जारज्जूतील पेशीच अधिक संवेदनशील होऊन बसतात. गावावर एकदा दरोडा पडल्यानंतर वेशीवरचा जागल्या पुढे कित्येक महिने पाचोळा वाजला तरी हाकाटी करतो, तशी ही अवस्था आहे. हाकाटी खोटी नसते, जागल्याही ढोंगी नसतो. फक्त दरोडेखोर आता तेथे नसतो. मूळचा लचका सहा आठवड्यांत भरून आला तरी दुखणे सहा वर्षे का टिकते, याचा उलगडा पुष्कळ अंशी येथे होतो.

असे असूनही आपल्या दवाखान्यांतून आणि ओसऱ्यांवरून आजही देकार्तचेच राज्य चालू आहे. रुग्ण फिल्मचे मोठे पाकीट छातीशी धरून येतो, ट्यूबलाइटसमोर ती काळी फिल्म धरली जाते, आणि ‘मणक्यात गॅप पडली आहे’, ‘गादी सरकली आहे’, ‘गुडघ्यातले वंगण संपले’, ‘हाडे झिजली’ यांपैकी एखादे वाक्य त्याच्या हाती ठेवले जाते. या चार वाक्यांनी महाराष्ट्रात जितकी माणसे अंथरुणाला खिळविली असतील, तितकी प्रत्यक्ष झिजेने खिळविली असतील की नाही, याची मला शंका आहे. ते वाक्य ऐकलेला माणूस त्या दिवसापासून वाकत नाही, नातवाला उचलीत नाही, बसच्या मागच्या बाकावर बसत नाही. आपल्या पाठीत काही तरी निखळण्याच्या बेतात आहे, या धास्तीने तो चोवीस तास पाठ ताठरून वावरतो, आणि ताठरलेले स्नायू दुखू लागले की गॅप वाढली असे समजतो. वस्तुस्थिती अशी आहे की, १९९४ साली अमेरिकेत पाठ न दुखणाऱ्या ९८ माणसांचा एमआरआय काढून पाहण्यात आला, तेव्हा त्यांच्यापैकी ५२ टक्क्यांच्या निदान एका तरी मणक्याची गादी फुगलेली निघाली आणि सर्व गाद्या निर्दोष असलेले फक्त ३६ टक्के भरले. २०१५ साली अशा ३,११० निर्वेदन माणसांवरील अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यात गाद्यांची झीज विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांत आढळली. पिकलेले केस फोटोत दिसले म्हणून कोणी डोकेदुखीचे कारण सापडल्याचे सांगत नाही. मणक्याच्या बाबतीत मात्र आपण बेलाशक तसे सांगतो. एमआरआय निरुपयोगी आहे असा याचा अर्थ कोणी काढू नये. गाठ, जंतुसंसर्ग, मज्जातंतूंवरील गंभीर दाब यांचा तपास करताना, किंवा शस्त्रक्रियेचा निर्णय घ्यावयाचा असताना त्याला तोड नाही. पण एरवी तो झिजेचा पुरावा देतो, वेदनेचा नव्हे.

इजा हेच वेदनेचे कारण असेल तर ती भरून येईपर्यंत हालचाल न करणे हाच शहाणपणा ठरतो, आणि म्हणून सक्त विश्रांतीची समजूत त्याच गृहीतकाच्या पोटी जन्माला येते. एके काळी डॉक्टरही आठवडा-आठवडा अंथरुणावर पडून राहण्याचा सल्ला देत. १९८६ साली रिचर्ड डेयो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कंबर धरलेल्या रुग्णांचे दोन गट करून एकाला दोन दिवसांची व दुसऱ्याला सात दिवसांची विश्रांती सांगितली, तेव्हा दोन दिवसवाल्यांची कामावरील गैरहजेरी ४५ टक्क्यांनी कमी भरली आणि बरे होण्यात ते तसूभरही मागे राहिले नाहीत. तेव्हापासून वैद्यकाचे मत बदलले, पण घराघरांतले बदललेले नाही. कंबरेचा पट्टा वर्षानुवर्षे न सोडणारे, किंबहुना तो सैल झाला तर कणा कोसळेल असे मनोमन मानणारे गृहस्थ माझ्या परिचयात आजही आहेत.

परंतु याच्या उलट टोकाची चूक अधिक सूक्ष्म आहे आणि तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. दोन दिवस बरे वाटले म्हणून एका दुपारी माळ्यावरची सारी पितळी भांडी उतरवून, चिंचेने घासून, पुसून पुन्हा जागच्या जागी चढविणारी, आणि त्यानंतर चार दिवस गरम पाण्याची पिशवी पाठीशी घेऊन निपचित पडणारी गृहिणी कोणाच्या पाहण्यात नाही? बऱ्या दिवशी साठलेली सगळी कामे उरकावयाची, वाईट दिवशी काहीच करावयाचे नाही, असा हा हेलकावा असतो. आणि प्रत्येक हेलकाव्यानिशी बऱ्या दिवसांची संख्या घटत जाते. सिएटल येथील मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फोर्डाइस याने या दुष्टचक्रावर सुचविलेला इलाज, जो त्याच्या १९७६ च्या ग्रंथात विस्ताराने आला आहे, ऐकण्यास साधा पण पाळण्यास अवघड आहे: काम दुखेपर्यंत करावयाचे नाही, ठरलेल्या मापापर्यंत करावयाचे. दहाव्या पोळीला कंबर भरून येत असेल तर सहाव्या पोळीला लाटणे खाली ठेवावे, घरातल्या घरात दोन फेऱ्या माराव्यात, मग उरलेल्या लाटाव्यात. आठवड्याने सहाच्या सात कराव्यात. आणि ज्या दिवशी काहीच दुखत नाही त्या दिवशीही सातव्या पोळीला थांबावे. या शेवटच्या कलमावर बहुतेकांची गाडी अडते, कारण बरे वाटत असताना थांबणे आपल्या लोकांना आळशीपणाचे वाटते. येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे की, हा सल्ला ज्याच्या कामाचे माप त्याच्या स्वतःच्या हाती आहे त्यालाच पाळता येतो. मुकादमाकडून उचल घेऊन कारखान्याच्या फडावर आलेल्या ऊसतोड जोडप्याला मजुरी टनावर मिळते आणि खाडा झाला तर उलट पैसे कापले जातात. त्या बाईने कोणत्या मोळीला थांबावे, हे सांगण्याचा अधिकार कोणत्याही पुस्तकाला नाही. तिच्या पाठदुखीचा फैसला दवाखान्यात होणार नाही, मजुरीच्या करारात होईल.

आता मनाविषयी. तपासण्यांत काही निघाले नाही की, ‘सगळे मनाचे खेळ आहेत’ असा निवाडा होतो, आणि तो स्त्रियांच्या वाट्याला अधिक येतो. मासिक पाळीच्या वेळी गडाबडा लोळणाऱ्या मुलीला ‘लग्न झाले की थांबेल’ असे सांगून परत पाठविणारी आजी आणि परत पाठविणारा डॉक्टर यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली आपली व्याख्या सुधारून घेतली, तिच्यात वेदना हा संवेदनेबरोबरच भावनेचाही अनुभव आहे असे म्हटले असून, तो सांगणाऱ्याच्या शब्दाचा आदर केला पाहिजे असेही सोबतच्या टिपणात स्पष्ट नमूद केले आहे. म्हणजे मनाचा संबंध आहे, पण म्हणून वेदना काल्पनिक ठरत नाही. या दोन विधानांत आपण विनाकारण वैर लावून ठेवले आहे. अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांना औषधाच्या नावाखाली निर्गुण द्रव टोचल्यावरही कित्येकांची कळ कमी होते, ही गोष्ट जुनीच होती. १९७८ साली लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी दाखविले ते असे की, अशा रुग्णांना मॉर्फीनचा अंमल उतरविणारे नॅलोक्सोन दिले तर हा आरामही मावळतो. नुसत्या आशेने देहात खरोखरीची वेदनाशामक द्रव्ये स्रवतात, असाच निष्कर्ष त्यांनी काढला. ज्याला आपण नुसते मन म्हणून बाजूला सारतो, त्याचे असे रासायनिक दफ्तर आहे. मज्जातंतूंच्या दुखण्यावर अॅमिट्रिप्टिलिनची लहानशी गोळी लिहून दिली जाते, आणि रुग्णाचा मुलगा मोबाइलवर पाहून ‘बाबांना वेडाची गोळी दिली’ म्हणून ती केराच्या टोपलीत टाकतो, तेव्हा तोही याच गैरसमजाचा बळी असतो. नैराश्यावर लागणाऱ्या मात्रेच्या कितीतरी कमी मात्रेत ती गोळी मज्जातंतूंवर काम करीत असते. सरकारदरबारीही स्थिती निराळी नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. निव्वळ वेदनेला त्यांत जागा नाही.

औषधांविषयी दोनच गोष्टी. पहिली अशी की, चिठ्ठीवाचून मिळणाऱ्या वेदनाशामक गोळ्या रोज घेणे निरुपद्रवी आहे हा समज जठराला आणि मूत्रपिंडाला फार महाग पडतो. याच जातीतले डायक्लोफेनॅक टोचलेल्या गुरांची कलेवरे खाऊन आपल्या देशातील गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मेली, तेव्हा २००६ साली गुरांसाठी ते औषध बंद करण्यात आले. गिधाडाचा देह आणि माणसाचा देह एक नव्हे हे खरे, तथापि पक्ष्यांसाठी सरकारने जी तत्परता दाखविली तिचा काही अंश कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानदाराने गिऱ्हाइकासाठी दाखवावा, अशी अपेक्षा गैर ठरू नये. दुसरी गोष्ट अफूजन्य औषधांची. रुग्णालयात ही औषधे दिलेल्यांना व्यसन क्वचितच जडते, असे सांगणारे एक पाच वाक्यांचे पत्र १९८० साली एका प्रतिष्ठित अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. पुढे त्याचा हवाला घरी वर्षानुवर्षे गोळ्या घेणाऱ्या रुग्णांसाठीही दिला गेला, आणि त्याची जबर किंमत त्या देशाने मोजली. पाठीच्या व गुडघ्याच्या जुनाट दुखण्यात या गोळ्या वर्षभर देऊनही त्या साध्या गोळ्यांपेक्षा सरस ठरत नाहीत, हे २४० रुग्णांवरील चाचणीने २०१८ साली दिसून आले. आपल्याकडे दोष उलट दिशेचा होता: १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांचा इतका कडेकोट बंदोबस्त केला की, कर्करोगाने तळमळणाऱ्यालाही मॉर्फीन दुर्मीळ झाले, २०१४ साली कायदा दुरुस्त झाला, पण मनातली भीती त्या गतीने दुरुस्त झालेली नाही.

राहता राहिला बरे होण्याचा प्रश्न, आणि मला सर्वांत अधिक बोलावयाचे आहे ते याविषयीच. एक तर दुखणे समूळ गेले पाहिजे, नाही तर जन्माची शिक्षा झाली, अशा दोनच निकालांची आपल्याला सवय आहे; म्हणूनच एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे, तेथून हाडवैद्याकडे, तेथून कोणा तेलवाल्याकडे अशी वारी चालते, आणि प्रत्येक मुक्कामावर थोडी पुंजी आणि थोडी उमेद खर्ची पडते. जॉन बोनिका याची हकिगत या संदर्भात मननीय आहे. सिसिलीजवळच्या फिलिकुडी या बेटावर १९१७ साली जन्मलेला हा मुलगा अमेरिकेत आला, वैद्यकीय शिक्षणाचा खर्च भागविण्यासाठी जत्रांतून आणि सर्कशींतून बुरखा घालून कुस्त्या खेळला, आणि त्या कुस्त्यांनी मोडलेले खांदे व खुबे जन्मभर वागवीत राहिला. अनेक शस्त्रक्रिया होऊनही त्याचे दुखणे गेले नाही. याच माणसाने १९५३ साली वेदनाचिकित्सेचा पहिला भरीव ग्रंथ लिहिला, डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि इतर शाखांचे तज्ज्ञ एका छपराखाली बसतील असे चिकित्सालय उभारले, आणि १९७३ साली जगभरच्या अभ्यासकांना एकत्र बोलावून ती आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली, जिच्या व्याख्येचा उल्लेख वर आला आहे. तो बरा झाला होता काय? आपल्या प्रचलित मापाने नव्हे. आपल्या महाराष्ट्रातला दाखला बाबा आमटे यांचा आहे. मणक्याच्या विकाराने त्यांना बसणे अशक्य करून टाकले होते. उभे राहावयाचे किंवा आडवे पडावयाचे, एवढीच मुभा देहाने ठेवलेली. त्याच अवस्थेत १९८५ साली, सत्तरीच्या उंबरठ्यापलीकडे, ते कन्याकुमारीहून काश्मीरकडे भारत जोडो यात्रेला निघाले, आणि पल्ल्यामागून पल्ला त्यांनी वाहनात आडवे पडून काटला.

हे दाखले मी कचरत देतो, कारण त्यांचा उपयोग आपल्याकडे बहुधा रुग्णाला टोचण्यासाठी होतो. बाबांनी एवढे केले, मग तुला भाजी आणणे का जमत नाही, असे कोणी विचारू लागले तर तो दाखल्याचा दुरुपयोग होय. बाबांच्या शेजारी पत्नी साधनाताई होत्या, सोबत कार्यकर्त्यांचा ताफा होता आणि वाहनात पाठ टेकण्याची सोय होती, हे विचारणारा विसरतो. त्यांतून घ्यावयाचे ते निराळेच आहे. बरे होण्याचे माप वेदनेच्या आकड्यात न शोधता दिनक्रमात शोधावे: रात्री सलग किती झोप लागली, बाजारापर्यंत चालत जाऊन येता आले की नाही, सुटलेले हार्मोनियम पुन्हा हाती आले की नाही. कित्येकांची वेदना अशा वाटचालीत खरोखर पुष्कळ उतरते, काहींची नाहीशीही होते. ज्यांची उतरत नाही त्यांचाही प्रांत विस्तारलेला असतो. मधेच एखाद्या आठवड्यात दुखणे उसळेल, आणि सारे मुसळ केरात गेले असे वाटेल. तसे नसते. उसळी येणे हा या आजाराच्या स्वभावाचा भाग आहे. तेवढ्याने आधीचे महिने रद्द होत नाहीत. हे सर्व सांगताना संधिवाताच्या त्या प्रकारांचा अपवाद करणे जरूर आहे, ज्यांत सांध्यांना दाह होऊन ते खरोखरच नासतात. तेथे औषध वेळेवर आणि सातत्याने घेणे अपरिहार्य आहे, व ‘वेदना म्हणजे इजा नव्हे’ या वाक्याचा आधार घेऊन ते थांबविणे हा आत्मघात होय.

पुस्तकातील प्रकरणे क्रमाने वाचलीच पाहिजेत असे नाही. ज्यांना झोपेची तक्रार आहे त्यांनी तेथून आरंभ करावा, आणि घरच्या मंडळींनी शेवटचे प्रकरण आधी वाचावे. ते त्यांच्यासाठीच लिहिले आहे. मात्र पाठीच्या दुखण्याबरोबर ज्यांची लघवी अडू लागली आहे किंवा नकळत होते, मांड्यांच्या आतली बाजू वा बैठकीची जागा बधिर झाली आहे, पायातली शक्ती झपाट्याने कमी होत आहे, ताप येतो, कारणावाचून वजन घटते, किंवा ज्यांना पूर्वी कर्करोग होऊन गेला आहे, त्यांनी हे पुस्तक येथेच मिटावे आणि आजच्या आज डॉक्टरांना गाठावे.